रांजणाची जागा

डोळे मिटायची गरज नाही, उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. तुम्ही दहा वर्षांचे आहात. तुमच्यासमोर काळ्या दगडाची एक रुंद पायरी आहे आणि तिच्या उजव्या टोकाला परातीएवढा एक गोल खळगा आहे. आतून इतका गुळगुळीत, की हात फिरवला तर हा दगड आहे असं वाटू नये. लहानपणी तुम्ही त्यात बसून पाय खाली सोडायचात. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं आणि चिमण्या आंघोळीला यायच्या. तो कुणी केला, कशासाठी केला, हे तुम्ही कधी विचारलं नाही. हाताला पाच बोटं का, हे तरी कुठं आपण विचारतो?

आणि आता अशी कल्पना करा, की एके दिवशी तुम्ही घरी जाऊन जेवून येता, तर तो खळगा नाहीच. तिथं करडं, ओलं सिमेंट आहे. वरून थापीनं सपाट केलेलं.

जयाचं तसंच झालं.

"धाकलूकाका, हे काय केलंत?"

धाकलू गवंडी घमेलं धूत होता. डोंगराच्या वाडीवरचा माणूस, बोलणं कमी. "आबांनी सांगितलं. उद्या पुण्याचं सायेब येनार. खड्ड्यात पाय अडकून पडलं मंजी? आन तू पाय नको लावू हां. दिस मावळस्तवर आवळून बसल. मंग घन घातला तरी हलायचं न्हाई."

जया पायरीशी उकिडवी बसून राहिली. हातात तिचं पाठ करायचं भाषण होतं, मास्तरांनी लिहून दिलेलं. 'पराक्रमी, अश्वारूढ भिकोजीराव' इथपर्यंत तिला न अडखळता येत होतं. पुढं अडायचं.

ती पायरी चिंचघरच्या धर्मशाळेची, आणि धर्मशाळा भिकोबांनी, म्हणजे जयाच्या पणजोबांनी बांधलेली. कोकणातून घाट चढून येणारी माणसं, मिठाच्या गोण्या लादलेले बैल, डोक्यावर ओझी घेतलेल्या बाया, सगळे तिथं टेकायचे. पुढं मोटारीचा रस्ता झाला, बैल थांबले, माणसं एसटीनं जाऊ लागली. धर्मशाळेत आधी भात साठवला, मग गुरं बांधली, मग ती गुरं बांधायच्याही लायकीची राहिली नाही. त्या वर्षी, एकोणीसशे एकसष्ट साली, जयाचे थोरले चुलते हैबतराव, म्हणजे आबा, यांनी उचल खाल्ली. गाव गोळा केला, सरकारात अर्ज केले, नवे वासे घातले, कौलं बदलली. उद्यापासून तिथं सातवीपर्यंतची शाळा भरणार होती. मुलांना सहा मैल चालत पौडला जावं लागणार नव्हतं.

आणि या नव्या जन्माची खूण म्हणून हैबतरावांनी दाराच्या डाव्या अंगाला एक शिळा उभी करवली होती. पुरुषभर उंचीची, कुशाबा पाथरवटानं घडवलेली. तिच्यावर घोडा होता, एक पाय उचललेला, तोंड दाराकडं. घोड्यावर मिशाळ माणूस, हातात तलवार. हे भिकोबा. फक्त त्यांचे डोळे कोरे होते. दोन गोल उंचवटे होते, बुबुळं नव्हती.

*

उन्हं कलली तशी घरची माणसं धर्मशाळेपुढं जमली. हैबतरावांनी नवा पटका बांधला होता. त्यांची बायको सारजाबाई, जयाची मोठी आई, हळदकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. जयाचे वडील कोंडाजी दुपारच्या गाडीनं पुण्याहून आले होते. तिथं ते एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शेजारचा नथू बोलावल्याशिवायच आला होता, पण तो कुठंच बोलावून येत नसे.

कुशाबानं छिन्नी पाण्यात बुडवून फडक्यावर ठेवली. "आबा, डोळं आता उघडायचं. आमच्यात रीत हाय, मूर्तीचं डोळं उघडताना घरातल्या सगळ्यांत वडील मानसानं छिन्नीला हात लावायचा. माझा हात हातोडीवर, त्याचा हात छिन्नीवर. मंग ती नजर घरची व्हती. न्हाईतर ते नुसतं खोदकाम."

"लावतो की," म्हणत हैबतराव पुढं झाले.

"तुमी वडील न्हाई," कुशाबा म्हणाला. "गोजराआजी हायेत न्हवं?"

हैबतराव जागच्या जागी थांबले. गोजराबाई त्यांची आत्या, भिकोबांची धाकटी लेक. लग्नानंतर सात वर्षांत कपाळ पुसून परत आली, ती आजतागायत याच घरात. अठ्ठ्याहत्तर वर्षांची.

"तिला कशाला दगदग?" हैबतराव म्हणाले.

"दगदग कसली? दोन पावलं तर हायेत," कोंडाजी म्हणाला. "जये, जा, आजीला घिऊन ये."

गोजराआजी जयाच्या खांद्यावर हात ठेवून आली. डोळ्यांना अंधुक दिसायचं, पण चाल अजून ताठ होती. शिळेकडं तिनं पाहिलंच नाही. आधी ती पायरीपाशी गेली, चपला काढल्या आणि उजव्या पायाचा अंगठा दगडावर सरकवत कडेला नेला. देवळात शिरताना माणूस घंटेला हात लावतो, तशी तिची ती सवय होती. अंगठा ओल्या सिमेंटला लागला. तिनं तो झटक्यात मागं घेतला.

"रांजनाची जागा कुटं गेली?"

धाकलू घमेल्याकडं बघत राहिला.

"कसली जागा, आजी?" जयानं विचारलं.

"रांजनाची, पोरी. माज्या बाचा रांजन हितं असायचा. जलमभर एकाच जागी बसला त्यो. पानी झिरपून झिरपून आन रोज फिरवून, घासून दगड झिजला." तिनं पदरानं अंगठा पुसला. "कुनी बुजवली?"

"आत्या, ते मागनं बघू," हैबतराव घाईघाईनं म्हणाले. "आदी हितं या. बगा तरी कसं झालंय."

गोजराबाई शिळेपाशी गेली. दिसत नव्हतं म्हणून तिनं हात लावला. घोड्याच्या मानेवरून, लगामावरून, मिशांवरून बोटं फिरवली. तलवारीपाशी थांबली.

"ह्यो कोन?"

"कोन मंजी? आजा. तुमचा बा."

"ह्यो?" म्हातारी हसली. "आरं, माजा बा घोडं बगितलं की रस्त्याच्या कडंला सरायचा! ल्हानपनी एकदा घोडं चावलं व्हतं त्याला, दंडाला. जलमभर खूण व्हती. ह्यो घोड्यावर बसलाय मंजी आमच्या घरचा न्हवं."

नथू खोकला. ते हसणंच होतं.

"तुमचं वय तरी काय व्हतं तवा?" सारजाबाई नवऱ्याच्या बाजूनं पुढं झाली. "ल्हान पोरीच्या ध्यानात ऱ्हातंय व्हय सगळं?"

"बारा वर्सांची व्हते मी, त्यो गेला तवा. बाराव्या वर्सी तुजं लगीन झालं, सारजे. इसरलीस का?"

सारजाबाईनं तबक डाव्या हातावर घेतलं. तेवढ्यात कुशाबानं आपल्या बोचक्यातून एक लहानशी पुरचुंडी काढून तिच्या हातात दिली. "वैनी, ह्यो तुमचा टाक. ह्याच्यावरनंच घडवलं मी. काय बी फरक केला न्हाई, मिशीचं टोक बी तसंच."

टाक म्हणजे देवघरात ठेवायचा चांदीचा पत्रा, हाताच्या पंजात मावेल एवढा. घरातल्या गेलेल्या कर्त्या पुरुषाचा उठाव त्याच्यावर असतो आणि दसऱ्याला तो देवांबरोबर पूजेला बसतो. सारजाबाईनं फडकं सोडलं. नथू मान लांब करून डोकावला, आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"वैनी, आमचा टाक तुमच्याकडं कसा आला?"

"तुमचा कुटनं? आमच्या देवघरातला हाय."

"आवो, ह्यो बघा ना! उचललेला पाय, तलवार, मिशी. आमचा आजा हाय ह्यो! थांबा, आनतो." आणि तो पळालाच. आला तो धापा टाकत, मुठीत टाक घेऊन. दोन्ही टाक सारजाबाईच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. घोडा तोच. पाय तोच. मिशीचं टोकही तेच.

"मंग ही शिळा आमच्या आजाची बी झाली," नथू खुशीत म्हणाला. "आबा, उद्या हार घालायला मी बी येतो मंग!"

"नथ्या, घरला जा," हैबतराव म्हणाले.

कोंडाजीला हसू आवरेना. "दादा, आपल्या छापखान्यात एकच घोडा असतो बघ, सर्कशीच्या जाहिरातीला बी त्योच आन लग्नाच्या पत्रिकेला बी त्योच. पौडच्या सोनाराकडं एकच ठसा असनार. साऱ्या मुळशीचं आजं त्यानं एकाच घोड्यावर बसवल्यात."

सारजाबाई दोन्ही टाकांकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माज्या माह्यरीबी असाच हाय. मला वाटायचं, दोन्ही घरचं पुरुष कसं सारखं दिसत व्हतं." तिनं तबक पायरीवर ठेवलं. "आवो, मला न्हाई वाटत आत्याबाई खोटं सांगत असतील."

*

हैबतरावांनी आजूबाजूला पाहिलं. सकाळपर्यंत हे सगळे आपल्या मागं होते. आता भाऊ हसत होता, बायको आत्याच्या शेजारी जाऊन उभी होती आणि नथू घरी जा म्हटलं तरी गेला नव्हता. उद्या साहेब येणार. पत्रिकेवर 'अश्वारूढ प्रतिमेचे अनावरण' असं छापलेलं, तेही कोंडाजीच्याच हातानं.

"आत्या," ते आवाज आवरून म्हणाले, "घोडा असंल न्हाईतर नसंल. आता दगड कोरून झालाय. तुमी नुसता हात लावा."

"न्हाई लावायची."

"मंग मी लावतो. कुशाबा, हातोडी उचल."

"आजी हायेत तवर मला दुसरा हात चालायचा न्हाई, आबा. रागावू नका."

"आरं पन ती ह्या घरची कुटं हाय?" हैबतरावांच्या तोंडून निघून गेलं. "लेक दिल्या घरची असती!"

जयानं आजीचा हात घट्ट धरला. गोजराबाई मात्र शांत होती. पोराला गणित समजावून सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "दिल्या घरी मी सात वर्सं ऱ्हायले, हैबती. हितं एकाहत्तर. तुजी नाळ मीच पुरली, त्या भिताडाच्या मागं. मी ह्या घरची नसंल तर नसंल. पन भिकूची लेक तर हाय ना? मला दुसरं काय बी नगं. मी मेल्यावर त्याला बगितलेलं कुनी उरनार न्हाई. मग ह्यो दगड सांगंल तेच खरं. पोरं उद्या शाळंत येतील, दगडाकडं बगतील आन म्हनतील, भिकोबा घोड्यावरनं फिरायचं. आन त्यो तर..."

तिनं तोंड पायरीकडं वळवलं.

"तर काय, आजी?" जयानं विचारलं.

"त्यो तर कावड घिऊन फिरायचा. खांद्यावर बांबू, दोन्हीकडं दोन घागरी. उंबराखालच्या झऱ्यावरनं दिवसातनं चार खेपा. धर्मशाळा बांधली, पन पानी घालायला गडी ठेवला न्हाई. लोक म्हनायचं, एवढा जमीनवाला मानूस आन पानक्याचं काम करतोय. त्यो म्हनायचा, घाट चढून आल्यावर मानसाला छप्पर मागनं लागतं, आदी पानी लागतं."

धाकलू घमेलं खाली ठेवून म्हणाला, "माजी आजी सांगायची. मोळ्या घिऊन पौडाला जाताना हितं टेकायचं. म्हनायची, ह्यो रांजन कदी रिता बगितला न्हाई." त्यानं सिमेंटकडं पाहिलं. "मला ठावं असतं ही त्याचीच जागा, तर मी न्हाई भरली असती."

"मला ठाऊक व्हतं," हैबतराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं वळले. हैबतरावांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला होता आणि ते पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. इतक्या वर्षांत जयानं त्यांना पायरीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मला सगळं ठाऊक व्हतं, आत्या. पौडच्या शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी नाव विचारलं. मी सांगायच्या आदीच मागनं एक पोरगा म्हनाला, पानक्याचा नातू. सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत पोरं तांब्या फुडं करायची, म्हनायची, ए पानक्या, पानी वाढ. सा म्हैनं सोसलं. मंग शाळा सोडून दिली. घरी सांगितलं, लांब पडती." त्यांनी पटक्याचा सुटलेला पदर आत खोचला, पुन्हा काढला. "लांब न्हवती. रोज तितंच तर जायाचो बैलं घिऊन. मला वाटलं, आता आपली शाळा हुतीया, तर हितं तरी कुनी आपल्या पोराला तसं म्हनू ने. म्हनून घोडा."

सारजाबाईचं लग्न होऊन एकेचाळीस वर्षं झाली होती. तिला हे आज कळत होतं.

कोंडाजीचं हसू केव्हाच गेलं होतं. "दादा, मला कदी बोलला न्हाईस."

"तुला शिकवायचं व्हतं मला. तुला सांगून काय करू?"

कुशाबा छिन्नी हातात घेऊन वाट बघत होता. डोंगरामागं ऊन सरकत होतं. शिळेवरचा तो माणूस कोऱ्या डोळ्यांनी कुठंच बघत नव्हता.

जया आधी आबांकडं बघत होती. मग तिनं डोंगराकडं पाहिलं, मग पायरीकडं. दिस मावळस्तवर, असं धाकलूकाका म्हणाले होते.

तिनं भाषणाचा कागद आजीच्या हातात दिला, धाकलूच्या शेजारची थापी उचलली आणि गुडघ्यांवर बसून सिमेंटमध्ये खुपसली.

"जये!" हैबतराव ओरडले.

ती थांबली, पण थापी काढली नाही. "आबा, आवळतंय ते," ती म्हणाली. "मग घन घातला तरी निघायचं नाही." आणि पुन्हा उकरू लागली.

वरचा थर कडक व्हायला लागला होता, खाली अजून ओलं होतं. ढेकळं निघत होती, ती ती बाजूला टाकत होती. थापी दगडाला लागून खरखरली तेव्हा हैबतराव उठून तिच्या मागं येऊन उभे राहिले. त्यांची सावली खळग्यावर पडली. जयानं वर पाहिलं नाही. तिला वाटलं, आता हात धरतील.

"थापीनं न्हाई निघायचं कडंचं," हैबतराव म्हणाले. "दगडाला ओरखडा बसंल. धाकलू, पोत्याचा तुकडा भिजवून दे तिला."

धाकलूनं दिला. जयानं घासून काढलं. तळाची ती गुळगुळीत वाटी पुन्हा वर आली, थोडी करडी, थोडी ओली.

"जुना रांजन कुटं हाय?" हैबतरावांनी कुणालाही उद्देशून नाही असं विचारलं.

"गोठ्यात," सारजाबाई म्हणाली. "पेंड ठेवते मी त्यात."

नथू सांगायच्या आतच गोठ्याकडं निघाला. त्यानं आणि कोंडाजीनं मिळून रांजण आणला, धुतला आणि खळग्यात बसवला. घरी परतलेल्या माणसासारखा तो तिथं बसला, जराही डगमगला नाही.

गोजराबाईनं रांजणाच्या काठावर हात ठेवला. बराच वेळ तसाच राहू दिला. मग ती वळली.

"कुशाबा, बुबुळं कुटंबी काडता येत्यात का रं? मदी, न्हाईतर कडंला?"

"येतील की. अजून दगड कोराच हाय."

"मंग ह्याची नजर हिकडं वळव. रांजनाकडं." ती शिळेपाशी गेली आणि घोड्याच्या मानेवर थाप मारली. "हैबती, घोडा ऱ्हाऊ दे तुजा. ह्यो माजा बा न्हवं. पन घाट चढून आलेला दिसतुया. त्याला बी आन त्याच्या घोड्याला बी तहान लागलीया. असं कितीतरी आलं, पानी पिऊन गेलं. ह्यो बी पाव्हना. माजा बा तितं हाय, उजव्या अंगाला. छिन्नी आन."

तिनं हात छिन्नीवर ठेवला. मग दुसरा हात मागं केला. तो कुणासाठी आहे हे हैबतरावांना कळायला एक क्षण लागला. त्यांनी पुढं होऊन आत्याच्या हातावर हात ठेवला. कुशाबानं हातोडी मारली. बारीक काळी कपची उडाली, मग दुसरी. शिळेवरच्या माणसानं डोळे उघडले आणि दारापलीकडच्या रांजणाकडं पाहिलं. चेहरा तोच होता, साऱ्या मुळशीच्या देवघरांतला. पण आता तो दमलेला वाटत होता, आणि जरा आशेनं बघणारा.

"पन रिताच हाय की त्यो," नथू रांजणात डोकावून म्हणाला.

"आन भाषनाचं काय?" कोंडाजीनं विचारलं. "सायबापुढं पोरगी काय म्हननार?"

सगळ्यांनी जयाला शोधलं. ती तिथं नव्हती.

ती घराकडून येत होती. सिमेंटनं माखलेले हात तसेच होते आणि दोन्ही हातांत एकेक रिकामी घागर होती. वाटेत ती कुणाशी बोलली नाही. पायरीपाशी येऊन तिनं मोठी घागर हैबतरावांच्या पायाशी ठेवली, अगदी अलगद, आवाज न करता. धाकटी घागर कमरेवर घेतली. आणि मागं वळून न बघता ती उंबराखालच्या झऱ्याच्या वाटेला लागली.